पर्यायी मार्ग कोणासाठी?

सार्वजनिक रस्ता म्हणजे काय, हा प्रश्न ज्याला कधी कोणी वाटेत अडवले नाही त्याला पडत नाही. तो घरातून निघतो, चालू लागतो आणि पोहोचतो. परंतु ज्या समाजाला पायाखालची वाट प्रत्येक पिढीत नव्याने मिळवावी लागली, त्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर पाठ असावे लागते. कारण आज त्याला ‘हा रस्ता तुमचा नाही’ असे तोंडावर सहसा कोणी म्हणत नाही. तसे म्हणणे गुन्हा आहे, हे अडवणाऱ्यालाही ठाऊक झाले आहे. आज मोठ्या मायेने सांगितले जाते ते असे : ‘रस्ता सर्वांचाच आहे, पण यंदा तुम्ही मिरवणूक मागच्या वाटेने न्या. वेशीतून, चावडीवरून कशाला? गावात शांतता राहील.’

या गोड वाक्याचा समाचार घेणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जो रस्ता सार्वजनिक आहे त्याला केवळ आपल्यापुरता पर्यायी मार्ग असू शकत नाही. तो पत्करणे म्हणजे, ज्यावर आपला हक्क आहे ती वस्तू दुसऱ्याची मेहेरबानी आहे, असे स्वतःच्या सहीने लिहून देणे होय. आणि धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाने असा कागद लिहून देणे हे त्याच्या दीक्षेशीच विसंगत आहे.

रूढीची साक्ष

अडवणाऱ्याचा पहिला मुद्दा नेहमी रूढीचा असतो. ‘या रस्त्याने तुमची वरात, तुमची जयंतीची मिरवणूक आजवर कधी गेलेली नाही.’ ही गोष्ट पुष्कळदा खरी असते. पण ती का गेली नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात पेशवाईतील स्थिती नमूद करून ठेवली आहे. समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याची मुभा नव्हती, कारण त्याच्या सावलीने विटाळ होई. ओळख पटावी म्हणून त्याच्या मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा असे. पुण्यात तर कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. ज्याची पाऊलखूणही रस्त्यावर राहू द्यायची नाही, त्याच्या वंशजाला ‘तुझा या रस्त्यावर पूर्वीचा वहिवाटीचा पुरावा दाखव’ असे विचारणे, हा न्याय आहे की थट्टा?

यातला विरोधाभास आणखी खोल आहे. गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष घेतली जाई. सरकारी अंमलदार आला की पुढे होऊन त्याला वाट दाखवणे, सांगावा पुढच्या गावी पोहोचवणे, वेशीची राखण करणे, ही कामे त्याच्या वतनात होती. गावच्या साऱ्या वाटा ज्याला तोंडपाठ, त्यालाच वेशीच्या आत मानाने चालायला वाट नव्हती. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने नष्ट झाली. वतन गेले, पण ‘तुम्ही मागच्या वाटेने या’ ही वतनी भाषा अजून काहींच्या जिभेवरून गेलेली नाही.

रूढीच्या या मुद्द्याचा निकाल कोर्टात लागला त्याला आता कित्येक दशके होऊन गेली. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. १९ व २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तेथे परिषद भरवून त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला तो याच आधारावर, की अनादिकालापासून हे तळे आमचेच आहे. दहा वर्षे तो वाद चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची अशी कोणतीही अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. तळ्याला जे लागू तेच रस्त्याला लागू. आणि हा निकाल संविधानाच्या आधीचा आहे, हे विसरू नका. २६ जानेवारी १९५० नंतर तर रूढी सिद्ध झाली तरी तिचा उपयोग नाही. संविधानाच्या अनुच्छेद १३ ने ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाट यांचा समावेश केला आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा तो कायदा शून्यवत ठरवला आहे. तेव्हा गावचा पुढारी जेव्हा ‘आमच्या गावची पद्धत’ म्हणून सांगतो, तेव्हा तो आपल्या बाजूचा पुरावा देत नसतो. आपल्या वाडवडिलांच्या अपराधाची तो कबुली देत असतो.

रस्त्याचा धनी कोण?

दुसरा प्रश्न मालकीचा. रस्ता कोणाचा? गावाचा? मग गाव म्हणजे कोण? ग्रामपंचायतीत ज्यांचे बहुमत ते, की गावच्या हद्दीत राहणारे सर्व?

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सगीर अहमद यांच्या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. उत्तर प्रदेशात खाजगी मोटारबस चालवणाऱ्यांना रस्त्यावरून हटवून सर्व वाहतूक सरकारने आपल्याकडे घेण्याचा तो वाद होता. न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक रस्ते सरकारच्या स्वाधीन असतात हे खरे, पण सरकार ते जनतेचा विश्वस्त म्हणून धारण करते, आणि जनतेतील प्रत्येकाला त्यांचा वापर करण्याचा हक्क आहे. विश्वस्त हा शब्द नीट ध्यानात घ्या. विश्वस्ताला ठेवीचा मालक होता येत नाही, आणि एका वारसाच्या सांगण्यावरून दुसऱ्या वारसाला दाराबाहेर ठेवता येत नाही. जेथे खुद्द सरकार रस्त्याचे मालक नाही, तेथे ग्रामपंचायत, पोलीस पाटील किंवा वरच्या आळीतील चार घरे मालक कशी होतील?

संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात तर रस्त्यांचा उल्लेख नावानिशी आहे. सरकारी पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत कोणाही नागरिकावर केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणाने कसलीही अडवणूक, शर्त किंवा निर्बंध लादता येणार नाही. या खंडाचा विशेष असा की तो केवळ सरकारला उद्देशून नाही. शेजाऱ्यालाही तो बांधून टाकतो. ज्यांनी हे संविधान घडवले त्यांना रस्त्यावर माणूस कसा अडवला जातो हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

यावर पोलीस अंमलदार म्हणतात की मिरवणुकीचे नियमन करण्याचा अधिकार आम्हाला कायद्यानेच दिला आहे. बरोबर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ अन्वये रस्त्यावरील रहदारी व मिरवणुका यांविषयी नियम करता येतात. परंतु याच कायद्याखालील अहमदाबादच्या एका नियमावर १९७२ साली हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला. रस्त्यावरील सभेला परवानगी द्यायची की नाही हे केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा तो नियम न्यायालयाने रद्द ठरवला. नियमन करता येते, हक्क नाहीसा करता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार. वेळ ठरवा, ध्वनिक्षेपकाची मर्यादा ठरवा, रहदारीला जागा सोडायला सांगा. आम्ही पाळू. पण तोच नियम गणपतीला, जत्रेच्या पालखीला आणि पुढाऱ्याच्या सत्काराच्या मिरवणुकीला लागू आहे काय? असेल तर ते नियमन. नसेल तर ती अस्पृश्यता, मग तिच्यावर कोणाचाही शिक्का असो.

तडजोडीने काय मिळते?

‘थोडे घेऊन थोडे सोडावे, हळूहळू सर्व मिळेल’ असे सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांनी वैकोमचा इतिहास वाचावा. त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे महादेवाच्या मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून एळवा, पुलया आदी जातींना चालण्यास बंदी होती. प्रश्न मंदिरात जाण्याचा नव्हता, केवळ रस्त्याने चालण्याचा होता. ख्रिस्ती आणि मुसलमान त्या रस्त्यांनी जात येत होते. अडवला जात होता तो, ज्याला हिंदू आपला म्हणत होते तोच. ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पेरियार रामस्वामी यांनी त्यासाठी तुरुंग भोगला. गांधीजी मार्च १९२५ मध्ये तेथे गेले. संस्थानच्या विधिमंडळात रस्ते खुले करण्याचा ठराव २१ विरुद्ध २२ अशा मतांनी, म्हणजे एका मताने, पडला. अखेर नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोड झाली : तीन बाजूंचे रस्ते खुले, पूर्वेकडचा मात्र सवर्णांसाठीच. सुमारे वीस महिन्यांच्या सत्याग्रहानंतर पदरात काय पडले? तीन रस्ते, आणि चौथ्या रस्त्यावर आपला हक्क नाही याची कबुली. चार रस्त्यांपैकी तीन मिळणे हे गणितात पाऊण असेल; हक्कात पाऊण असा हिशेब नसतो. जो एक रस्ता बंद राहतो तोच उरलेल्या तिघांवर मालक कोण हे रोज सांगत राहतो.

ही गोष्ट केवळ शंभर वर्षांपूर्वीची आहे असे कोणी समजू नये. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात, निजामपूर गावी, जाटव समाजातील एका तरुणाने आपली वरात ठाकुरांच्या वस्तीतून नेण्याचा आग्रह धरला. त्याला प्रथम उत्तर मिळाले ते हेच, की अशी वरात तेथून पूर्वी गेलेली नाही, शांततेचा भंग होईल. त्याने अर्ज केले, उच्च न्यायालयाची पायरी चढली, महिनोन्‌महिने पिच्छा सोडला नाही. १५ जुलै २०१८ रोजी पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात वरात निघाली. आपल्याच देशातील रस्त्याने आपले लग्न नेण्यासाठी नवरदेवाला पोलिसांची फौज लागावी, याची लाज कोणाला वाटावी? त्याला खचित नाही.

आणि पर्यायी मार्ग मुकाट्याने पत्करल्यास तो कोठवर नेतो, हे ऑगस्ट २०१९ मध्ये तमिळनाडूत वाणियंबाडीजवळ दिसले. स्मशानाकडे जाणारी वाट इतरांच्या शेतांतून जात होती व ती मोकळी नव्हती. म्हणून दलितांनी आपल्या मृताचे शव पुलावरून दोरांनी खाली सोडले. मद्रास उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. जिवंतपणी ज्याने वाट सोडली त्याला मेल्यावरही वाट मिळत नाही, हा या घटनेचा धडा आहे. याच राज्यात मदुराई जिल्ह्यातील उथपुरम येथे तर दलित वस्तीची वाट बंद करणारी भिंतच उभी होती. तिला वाटेपुरते भगदाड पडले ते मे २००८ मध्ये.

रस्ता आणि रस्त्यावरील मान

कोणी म्हणेल, आता तरी चालण्यास कोणी मनाई करीत नाही ना? मग घोडा, गाडी, वाजंत्री यांचा हट्ट कशाला? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत देऊन ठेवले आहे. १९०१ साली ते लहान असताना भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे कोरेगावला निघाले. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाल्यांनी गाडी देण्याचे नाकारले. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी. रात्री ती तहानलेली मुले सरकारी टोलनाक्यावर पोहोचली, आणि तेथेही त्यांना पाणी मिळाले नाही. सरकारी रस्ता, सरकारी नाका. पण नाक्यावर बसलेला माणूस मात्र जातीचा.

अठ्ठावीस वर्षे लोटली. मधल्या काळात तो मुलगा परदेशांतील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळवून बॅरिस्टर झाला. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा सभासद म्हणून फिरत असता ते चाळीसगावला उतरले. एकाही टांगेवाल्याने त्यांना नेण्याचे कबूल केले नाही. पाहुण्याला पायी नेणे त्यांच्या मानाला कमीपणा आणणारे आहे असे वाटून तेथील महारांनी टांगा मिळवला, पण हाकणारा नवखा. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. रस्ता मोकळा होता, वाहन मात्र बंद होते. रस्त्याचा हक्क म्हणजे केवळ पाऊल टाकण्याचा हक्क नव्हे. इतर ज्या रीतीने, ज्या वाहनाने, ज्या वेषात जातात त्या रीतीने जाण्याचा तो हक्क आहे. अय्यनकाळी यांनी १८९३ साली त्रावणकोरात बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून फेरी काढली ती याचसाठी.

कायद्यालाही आता हे पटले आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यात २०१५ साली दुरुस्ती झाली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. तिच्या अन्वये रस्ता, वाट, पाणवठा, स्मशान यांचा इतरांबरोबरीने वापर करू न देणे. सार्वजनिक ठिकाणी सायकल वा मोटारसायकल चालवण्यास, पायात वहाणा वा अंगात नवे कपडे घालण्यास मज्जाव करणे. लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास, धार्मिक, सामाजिक वा सांस्कृतिक मिरवणूक काढण्यास अडथळा आणणे, हे सर्व गुन्हे आहेत. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षे आणि दंड. वहाणांपासून वरातीपर्यंत यादी द्यावी लागली, याचा अर्थ संसदेलाही ठाऊक आहे की या देशात माणसाला कोठे कोठे अडवले जाते.

दाखला आणि दीक्षा

येथे नवदीक्षित कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ पासून अंमलात आला. १९७६ साली तो अधिक कडक होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. त्याच्या कलम १२ मध्ये आपल्या फायद्याची मोठी तरतूद आहे : फिर्यादी अनुसूचित जातीचा असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरील, तसे नाही हे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर. परंतु १९५६ साली आपण बौद्ध झालो आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. ती दुरुस्ती संसदेने केली १९९० साली. मधली चौतीस वर्षे, ज्याने विटाळ मानणारा धर्म सोडला त्याच्यावरचा विटाळ मात्र गावाने सोडला नाही. आणि केंद्राच्या कायद्याने त्याच्यावरची ही ढाल काढून घेतली होती. ती परत मिळवण्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

म्हणून जेव्हा एखादा उत्साही तरुण म्हणतो की ‘मी जात सोडली, मग अनुसूचित जातीचा दाखला कशाला काढू?’, तेव्हा त्याच्या निष्ठेबद्दल आदर बाळगूनही आम्हाला त्याला दुरुस्त करावे लागते. जात आपण मानत नाही, हे सत्य. पण तो दाखला आपल्या श्रद्धेविषयी नाही. समाजाने आपल्याशी पिढ्यान्‌पिढ्या कसे वर्तन केले आणि आजही करतो, त्याची ती सरकारी नोंद आहे. डॉक्टरचा जखमेचा दाखला घेतल्याने कोणी जखमेचा भक्त होत नाही. धर्म बौद्ध म्हणून अभिमानाने लिहा. दाखला काढून जपून ठेवा. आणि रस्ता अडवला गेला तर तो फिर्यादीसोबत जोडा.

फिर्याद कशी द्यावी हेही माहीत असू द्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील फिर्याद नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नाही. तोंडी दिलेली हकीकत लिहून घेणे, वाचून दाखवणे, प्रत देणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. आणि जो लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही त्याने ती जाणूनबुजून टाळली, तर कलम ४ प्रमाणे त्यालाच सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. ‘आधी गावात मिटवून घ्या’ असे सांगणाऱ्या अंमलदाराला हे कलम नम्रपणे वाचून दाखवावे.

‘हा जातीचा नव्हे, बांधाचा वाद आहे’

खेड्यात आणखी एक युक्ती चालते. रस्ता अडवायचा आणि म्हणायचे, ‘यात जात कोठे आली? हा जमिनीचा वाद आहे.’ कधी तो खरोखरच जमिनीचा असतो, हे आपण प्रामाणिकपणे मानले पाहिजे. खाजगी शेतातून जाणारी प्रत्येक वाट सार्वजनिक नसते. पण कसोटी सोपी आहे. त्याच वाटेने इतरांचे बैल, इतरांचे ट्रॅक्टर, इतरांची प्रेतयात्रा जाते काय? जात असेल आणि फक्त आपण अडवले जात असू, तर तो बांधाचा वाद राहिला नाही. ही गोष्ट फिर्यादीच्या पहिल्याच कागदात, साक्षीदारांसह, आली पाहिजे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. तिच्यामागे शेतजमिनीच्या आणि शेतातून जाणाऱ्या वाटेच्या वादाचीही पार्श्वभूमी होती. न्यायालयांनी आरोपींना शिक्षा दिल्या. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. वाटेच्या वादात जात कोठे आहे हे पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवण्याचे महत्त्व याहून अधिक कोणते उदाहरण सांगणार?

म्हणून प्रसंग येण्याची वाट न पाहता कागद हाती घ्या. भूमी अभिलेख खात्याकडून गावचा नकाशा मिळवा. त्यात गाडीवाट, पायवाट, शिवेचा रस्ता खुणांनी दाखवलेले असतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ ही रस्त्यांची नोंदवही असते. वस्तीचा रस्ता आणि स्मशानाचा रस्ता तिच्यात आहे काय ते पाहा. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा. दप्तर दाखवत नसतील तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मागा. शेताची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जा, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावठाणातील रस्त्यावरचे अतिक्रमण काढणे हे ग्रामपंचायत कायदा, १९५८ च्या कलम ५३ प्रमाणे ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि तिने कसूर केल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचे ठरले, हे योग्यच झाले. परंतु नावाची पाटी बदलली आणि पाटीखाली गुडघाभर चिखल तसाच राहिला, तर ते समतेचे नगर नव्हे.

आपली बाजू स्वच्छ असली पाहिजे

रस्ता सर्वांचा आहे असे म्हणणाऱ्याने तो स्वतः अडवता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते व जागांवर नवी धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश दिला, आणि १८ जानेवारी २०१३ रोजी रस्ते व पदपथ यांवर नवे पुतळे बसवण्यास परवानगी देऊ नये असे सांगितले. ते आदेश विहारांना आणि आपल्या पुतळ्यांनाही लागू आहेत. जयंतीचा मंडप रस्ता पूर्ण बंद करून घालणे, आजारी माणसाची गाडी खोळंबेल असा नाच वाटेत करणे, हे बाबासाहेबांच्या नावाला शोभत नाही. विहारासाठी आपली जागा घ्यावी, तिचा कागद करावा, मग ते कोणाला पाडता येणार नाही.

मात्र त्याच तोंडाने आम्ही सरकारला विचारतो : हा कायदा सर्वांना सारखा आहे काय? सांगली जिल्ह्यातील बेडग येथे बाबासाहेबांच्या नावाची कमान ग्रामपंचायतीने जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा तेथील आंबेडकरी कुटुंबे घरे बंद करून मुंबईच्या वाटेला लागली. बेकायदा बांधकाम पाडण्याचा अधिकार नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या हातांनी कमान पाडली जाते ते हात रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या इतर देवळ्या, इतर कमानी, इतर ओटे यांच्यापाशी येताच लुळे का पडतात? रस्त्याचे रक्षण करायचे असेल तर गावातील सर्व अतिक्रमणांची यादी करा, ती चावडीवर लावा, आणि पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करा. आमचा क्रमांक आला की आम्ही स्वतः पहार घेऊन येऊ.

तीन प्रश्न

तेव्हा बंधुभगिनींनो, शांतता समितीच्या बैठकीत पुढच्या वेळी तुमच्यापुढे पर्यायी मार्गाचा कागद सरकवला जाईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे लेखी मागा. पहिला : ज्या रस्त्याने आम्हाला जाऊ नये म्हणता, तो सार्वजनिक आहे की नाही? दुसरा : हाच निर्बंध या वर्षी आणखी कोणत्या मिरवणुकीवर घातला आहे? तिसरा : शांतता मोडण्याची भीती कोणाकडून आहे, आणि ज्याच्याकडून आहे त्याला रोखण्याऐवजी आम्हाला का रोखता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी देताना पुष्कळांची लेखणी अडखळेल. कारण त्याचे खरे उत्तर असे आहे की, दगड मारणाऱ्याला आवरण्यापेक्षा ज्याला दगड लागणार त्याला बाजूला करणे सोपे असते. पण सोयीला शांतता म्हणत नाहीत.

हे सर्व संयमाने करावयाचे आहे. हातात काठी नको, अर्ज हवा. तोंडात शिवी नको, कलम हवे. भित्रेपणा हा संयम नव्हे, हे सांगावयास नको; पण आततायीपणा म्हणजे शौर्य नव्हे, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला रस्ता जिंकून दुसऱ्याला बाहेर काढायचे नाही. तो सर्वांसाठी सारखा मोकळा करायचा आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, विहिरी खोदल्या, आणि आपल्या शिलालेखांत लिहून ठेवले की हे मनुष्यांच्या आणि पशूंच्याही उपयोगासाठी आहे. त्यात कोणत्या मनुष्यांच्या, असा भेद नाही.

आणि तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग प्रत्येक बौद्ध घरात मुलांना सांगितला गेला पाहिजे. राजगृहाच्या रस्त्यावर सुणीत नावाचा एक झाडूवाला काम करीत होता. भगवान बुद्ध भिक्खुसंघासह येत आहेत असे पाहून तो घाबरला. लपायला जागा नाही म्हणून भिंतीला चिकटून, हात जोडून उभा राहिला. आयुष्यभर त्याने हेच केले होते : कोणी मोठा आला की वाट सोडायची. भगवंत त्याच्यापाशी थांबले. त्यांनी त्याला दुसऱ्या वाटेने जाण्यास सांगितले नाही, आणि स्वतःही दुसऱ्या वाटेने गेले नाहीत. त्याच रस्त्यावर त्यांनी त्याला संघात घेतले, आणि जो भिंतीला चिकटला होता तो संघाबरोबर रस्त्याच्या मधून चालू लागला.

दीक्षा घेऊन आपणही त्या भिंतीपासून दूर झालो आहोत. आता ‘शांततेसाठी’ पुन्हा भिंतीला पाठ लावून उभे राहण्यास कोणी सांगेल, तर त्याला उत्तर एकच : मार्ग एक आहे, तो सार्वजनिक आहे, आणि त्यावरून आम्ही सर्वांबरोबर चालणार आहोत.

जय भीम!